पाच भोकांची वस्तू

मी लहानपणापासून घाबरट. घरात कुणी जरा जास्त वेळ गप्प बसलं तरी मी काय झालं म्हणून विचारत सुटायची, आणि बाबांच्या स्कूटरचा आवाज नेहमीपेक्षा उशिरा आला की मी गच्चीत जाऊन रस्त्याकडे डोळे लावून उभी राहायची. धाकटा भाऊ अजित मला चिडवायचा, "दीदी, तुम तो पैदा होते ही डर गई होगी।" त्यामुळे बाबांनी ती वस्तू घरी आणली त्या संध्याकाळी सगळ्यांच्या आधी मीच घाबरले. पुढे जे झालं ते पाहता, आयुष्यात एकदा का होईना, माझं घाबरणं रास्त निघालं.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून आली ती. बाबांनी आधी जेवणाचं टेबल स्वतः पुसून घेतलं, डबा मधोमध ठेवला आणि चमच्याच्या दांड्याने झाकण उचकटलं. आत कापूस, आणि कापसात मुठीएवढी, काळपट, भाजलेल्या मातीची एक वस्तू. पोट फुगीर, बूड चपटं, एका बाजूला पोपटाच्या चोचीसारखं टोक निघालेलं आणि माथ्यावर पाच भोकं. करंगळीचं टोक जेमतेम जाईल एवढी. आतून पोकळ होती, पण तळाशी काहीतरी खरपुडीसारखं चिकटलेलं होतं. चिनहटच्या पलीकडे एका टेकाडावर विद्यापीठाच्या त्रिवेदी सरांचं खोदकाम चालू होतं, तिथे ती मिळाली होती. किती जुनी, तर दोन हजार वर्षं कुणीही डोळे मिटून सांगावं, आणि बाबांच्या मते त्याहूनही जास्त. पण कशासाठी बनवली होती हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. तिच्यासारखी दुसरी वस्तू आजवर कुठे सापडलेली नव्हती.

बाबा वनस्पतिशास्त्रज्ञ. लखनऊच्या एका सरकारी संशोधन संस्थेत होते. जुन्या मडक्यांच्या तळाशी, जात्यांच्या खाचांत धान्याचे, कंदांचे जे सूक्ष्म कण अडकून राहतात ते सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचे, हे त्यांचं काम. "भांडं कशासाठी होतं हे भांड्याला विचारायचं नाही," ते म्हणायचे, "त्यातल्या खरकट्याला विचारायचं." त्रिवेदी सरांनी म्हणूनच ती वस्तू त्यांच्याकडे दिली होती. बाबांनी सही करून ती ताब्यात घेतली होती आणि संस्थेच्या कपाटात कुलपात ठेवायची होती. पण त्यांच्या प्रयोगशाळेचं छत गळत होतं, दुरुस्तीची माणसं आत-बाहेर करत होती, कपाटं व्हरांड्यात काढून ठेवली होती, आणि वर दसऱ्याच्या सुट्ट्या तोंडावर आलेल्या. तेव्हा नियम बाजूला ठेवून त्यांनी तो डबा स्कूटरच्या डिकीत घातला आणि घरी आणला. घरी आणल्याचं संस्थेत कुणाला ठाऊक नव्हतं. आम्हालाही बाहेर बोलायचं नाही अशी ताकीद होती, आणि माझी धास्ती तिथूनच सुरू झाली.

आमचं घर तेव्हाच्या गोमती नगरात होतं. आता तिथे मॉल आहे, ई-रिक्षांची झुंबड आहे, माझ्या नातीला तिथे मोकळं रान होतं हे सांगितलं तर ती हसते. तेव्हा आमच्या मागच्या भिंतीपलीकडे रिकामे प्लॉट होते, त्यांत म्हशी बसायच्या, आणि सकाळी सब्जीवाला भैया हातगाडी ढकलत "आलू ले लो, गोभी ले लो" ओरडत आला की आई पिशवी घेऊन फाटकापर्यंत धावायची, कारण दुकान लांब. आई आणि बाबा दोघेही सांगलीकडचे. आईची हिंदी शेवटपर्यंत सांगलीचीच राहिली, आणि भैयाशी घासाघीस करताना तिचं "अरे बाबा, इतना महाग कायको" ऐकून अजित लाजेने आत पळायचा. अजितला मराठी सगळं समजायचं, पण तोंड उघडलं की हिंदी. आमच्या घरात तेव्हा असंच दुरंगी बोलणं चालायचं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

पहिले काही दिवस त्या वस्तूने आमची चांगलीच करमणूक केली. बाबा रात्रीच्या जेवणानंतर डबा उघडायचे, कुणी हात लावायचा नाही या अटीवर सगळ्यांनी भोवती बसायचं, आणि प्रत्येकाने आपापला तर्क सांगायचा. अजितचं म्हणणं, ती सीटी आहे. चोचीतून फुंकायचं आणि भोकांवर बोटं ठेवायची. शेजारच्या शुक्ला आंटी एकदा मागल्या दाराने साखर मागायला आल्या आणि त्यांनी ती पाहिलीच. त्या म्हणाल्या, "अरे, यह तो बच्चे को दूध पिलाने की चीज़ है। हमारे गाँव में ऐसी ही होती थी।" त्यावर आई म्हणाली, मग वर भोकं कशाला, दूध सांडणार नाही का? आईला ते धुपाटणं वाटत होतं. आत निखारे, वर धूप, भोकांतून धूर. "पण आतून जळलेलं नाही," बाबा म्हणाले. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, कुणाच्या तरी अस्थी ठेवायची असेल. आईने मला लवकर झोपायला पाठवलं.

बाबा स्वतःचा तर्क सांगत नसत. त्यालाही कारण होतं. दोनेक वर्षांपूर्वी त्यांनी दुसऱ्या एका खोदकामातल्या खोल थरात सापडलेल्या बियांवरून एक मोठा निष्कर्ष जाहीर केला होता, आणि नंतर निघालं की त्या बिया उंदरांनी बिळातून खाली नेलेल्या, म्हणजे अगदी अलीकडच्या. तेव्हापासून संस्थेत त्यांच्या पाठीमागे लोक त्यांना "चूहे वाले डॉक्टर साहब" म्हणत. पाठीमागे म्हणत, पण लखनऊमध्ये पाठीमागचं बोलणंही इतक्या अदबीने आणि इतक्या मोठ्याने चालतं की ते ऐकू येतंच. बाबांचं हसणं तेव्हापासून कमी झालं होतं. वरच्या पदासाठी त्यांचं नाव दोनदा मागे राहिलं होतं. ही वस्तू म्हणजे त्यांना आपलं नाव धुऊन काढायची संधी होती, हे ते बोलले नाहीत तरी आईला कळत होतं, आणि आईला कळलेलं मला तिच्या चेहऱ्यावरून कळायचं.

खंडेनवमीला बाबा घरी नव्हते. परीक्षांच्या कुठल्याशा कामाने इलाहाबादला गेले होते. सांगलीकडे आमच्यात खंडेनवमी म्हणजे मोठं प्रस्थ. घरातली सगळी हत्यारं, अवजारं, ज्याच्यावर पोट चालतं ते सगळं धुऊन-पुसून, पाटावर मांडून पूजायचं. बाबांना या कशात रस नव्हता. देवाला त्यांचा विरोध नव्हता, पण देव्हाऱ्याकडे त्यांचे पाय कधी वळत नसत, आणि आरतीच्या वेळी ते हटकून पेपर वाचत बसायचे. आईने मात्र परगावी एकही वर्ष चुकवलं नव्हतं. त्या सकाळी तिने विळी, सुऱ्या, कात्री, शिवणयंत्र, अजितचा कंपास, माझी पेन्सिलींची पेटी, हातोडी, स्कूटरचा पाना असं सगळं मांडलं. मग ती बाबांच्या कपाटाशी गेली. त्यांचं जुनं भिंग, चिमटे आणले. आणि शेवटी तो डबा.

"आई, त्याला हात लावायचा नाहीये," मी म्हटलं.

"अगं, हात लावायचा नाही तो तुम्हा पोरांनी," आई म्हणाली. "त्यांच्या कामाची वस्तू आहे. आज तिला तशीच अंधारात ठेवायची होय? यंदा तिच्यावरच सगळं आहे त्यांचं."

आणि तिने दोन्ही हातांनी, तान्हं मूल उचलावं तशी ती कापसातून उचलली. ओल्या फडक्याने हलक्या हाताने पुसली. पाटावर ठेवली. इतरांना बोटभर हळदकुंकू लावलं होतं, पण या वस्तूला पाच तोंडं, तेव्हा प्रत्येक भोकाच्या काठावर एकेक बोट हळद, एकेक बोट कुंकू. वर अक्षता टाकल्या, त्यातल्या काही आत गेल्या असणार. झेंडूचं फूल ठेवलं. डोळे मिटून ती बराच वेळ काहीतरी पुटपुटत राहिली. काय ते मी विचारलं नाही, ठाऊकच होतं. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा सगळं फडक्याने स्वच्छ पुसलं, वस्तू जरा तिरपी करून आतल्या अक्षता झटकल्या आणि डबा होता तिथे ठेवला. लपवलं मात्र काही नाही. बाबा परतले तेव्हा श्रीखंडाची वाटी पुढे करत तिने सांगितलं, "तुमच्या सगळ्या सामानाची पूजा केली हो." बाबा "हं" म्हणाले. ते डाक उघडून वाचत होते.

सुट्ट्या संपल्या, डबा संस्थेत गेला. थंडी सुरू झाली, सकाळी धुक्यात समोरचं घर दिसेना. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी बाबा नेहमीपेक्षा उशिरा आले, मी गच्चीत काकडत उभी, आणि खालून त्यांचा आवाज आला. ते चक्क शीळ घालत होते. हातात मिठाईचा पुडा. आई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती, तिथेच त्यांनी पुडा सोडला आणि एक बरफी स्वतःच्या हाताने तिच्या तोंडात घातली. आमच्यासमोर त्यांनी असं काही करायची ती पहिलीच वेळ होती.

"ऐक," ते म्हणाले. "हळद आहे. हळद! आणि कच्ची नाही, शिजवलेली. शिजली की तिचे कण फुगून एकमेकांत मिसळतात, मी हजार वेळा पाहिलंय. सांगलीत जन्मलेल्या माणसाला हळद ओळखायला काय लागतं? तांदळाचेही कण आहेत, कोरडे. आणि काही गोळे लाल आहेत. लाल, कळलं का? चुना लागला की हळद लाल होते. म्हणजे त्या लोकांना कुंकू करता येत होतं! पूजेचं पात्र आहे ते. त्रिवेदींना फोन केला, त्यांना शब्द सुचेना."

आईच्या हातातलं लाटणं थांबलं होतं. तोंडात बरफी तशीच. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्याकडे. तव्यावरची पोळी करपायला लागली तेव्हा बाबांनीच ती उलटवली आणि हसत म्हणाले, "बघ, तुझंही भान गेलं."

पुढचे दिवस मला आजही आठवायला नको वाटतात. आईला खोटं बोलता येत नसे. फोनवर कुणाला "साहेब घरी नाहीत" एवढंही ती सांगायची नाही. रिसीव्हर बाबांच्या हातात द्यायची आणि म्हणायची, तुमचं तुम्ही सांगा. अशी बाई आता गप्प होती. बाबा समोर आले की ती भांडी घासायला उठायची. दुपारी मी शाळेतून आले की आम्ही दोघी पलंगावर शेजारी बसायचो आणि मी विचारायची, "आज सांगणार?" ती म्हणायची, "सांगते गं. त्यांचं जेवण होऊ दे." जेवण व्हायचं, आणि बाबा त्रिवेदी सरांशी काय बोलणं झालं ते सांगायला लागायचे. जानेवारीत मोठी सभा ठरली होती, दिल्लीहून विद्वान येणार होते. त्रिवेदी सर एकदा घरी चहाला आले, पोहे खाल्ले, आणि आईला म्हणाले, "भाभीजी, आपके पतिदेव ने तो इतिहास बदल दिया।" आई आत गेली आणि मोरीत तोंड धुऊन आली.

मला वाटायचं, आपणच सांगून टाकावं. मग वाटायचं, सांगितलं की बाबांचं काय होईल? पुन्हा उंदीर, आणि या वेळी उंदीर आमच्याच घरातला. वस्तू घरी नेली हेही उघड होणार, नोकरीवर गदा येणार. न सांगावं तर बाबा भर सभेत उभे राहून आमच्याच देव्हाऱ्यातल्या कुंकवाला हजारो वर्षांचं म्हणणार, आणि एक दिवस कुणालातरी कळणारच. दोन्हीकडून जीव टांगणीला. अजितला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो बाबांकडे नव्या बॅटचा हट्ट धरून बसला होता, कारण बाबा खुशीत होते.

ते उघडकीला आलं ते वरणामुळे. आईने स्वयंपाकात हळद घालणंच सोडून दिलं होतं. मुद्दाम नव्हे, तिचा हात त्या डब्याकडे जाईना. वरण पांढरं, बटाट्याची भाजी पांढरी, फोडणीचे पोहे पांढरे. बाबांना काही दिवस जाणवलं नाही, इतके ते हवेत होते. मग एका रविवारी दुपारी ताटाकडे पाहत ते म्हणाले, "हळद संपलीय का? सांगलीहून एवढी आली होती."

आई खुर्ची सारून उभी राहिली. "संपली नाही," ती म्हणाली. "अहो, ती हळद माझी आहे."

बाबांना कळेना. मग तिने सगळं सांगितलं. खंडेनवमी, पाट, पाच बोटं, अक्षता, ओलं फडकं. सांगताना ती रडली नाही, पण तिचे ओठ कोरडे पडत होते आणि ती सारखी पाणी पीत होती. "मी तुम्हाला म्हटलं होतं, पूजा केली म्हणून," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही हं म्हणालात."

मला वाटलं बाबा ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते प्रश्न विचारायला लागले, एकेक, हलक्या आवाजात. कुंकू कुठलं? हळद डब्यातली की देव्हाऱ्यातली? फडकं आधी कशाला वापरलं होतं? वस्तू पुसताना आडवी केली होती का? अक्षता हातानेच काढल्या का? आई प्रत्येकाचं उत्तर देत गेली. अजित घास हातात धरून पाहत होता. मग बाबांनी हात धुतला, देव्हाऱ्यातल्या हळदीकुंकवाच्या आणि तांदळाच्या पुड्या बांधल्या, आणि मला म्हणाले, "चल माझ्याबरोबर." मलाच का, ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, त्यांना एकट्याने जायचं धैर्य नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी संस्था ओस पडलेली. चौकीदाराने सलाम करून दार उघडलं. बाबांनी दोन काचपट्ट्या तयार केल्या, एक त्या वस्तूतल्या खरवडीची, एक आमच्या पुड्यांतली. स्वतः आधी पाहिलं, खूप वेळ. मग मला स्टुलावर बसवलं. "पाहून सांग, काय फरक दिसतो."

मी पाहिलं. पिवळे, फुगलेले, एकमेकांत गेलेले गोळे. कुठे लाल. मधून मधून बारीक कोनेदार दाणे. दुसरी पट्टी सरकवली. तेच गोळे, तेच लाल, तेच दाणे. मला फार फार वाटलं की काहीतरी वेगळं दिसावं. एखादा ठिपका, एखादी रेघ. मी पुन्हा पहिली पट्टी मागितली, पुन्हा दुसरी. बाबा खिडकीशी पाठ करून उभे होते.

"सारखंच आहे," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "मलाही सारखंच दिसतंय." आणि त्यांनी दिवा मालवला. परत येताना स्कूटरवर मी त्यांच्या पाठीला घट्ट धरून बसले होते, आणि त्यांची पाठ सबंध रस्ताभर एकदाही सैल झाली नाही.

त्रिवेदी सर त्याच संध्याकाळी घरी आले. आम्हा मुलांना आतल्या खोलीत घातलं, पण दार लोटलेलंच होतं. बाबांनी त्यांना सगळं सांगितलं. मग सरांचा आवाज आला, नेहमीसारखाच मऊ. "डॉक्टर साहब, ग़लती भाभीजी की नहीं है, श्रद्धा की बात है। लेकिन यह बात इस कमरे से बाहर जाए ही क्यों? कौन जाँचने बैठा है? आपका प्रमोशन, मेरे लड़कों की थीसिस, सब इसी पर टिका है।"

"मुझे नींद नहीं आएगी, सर," बाबा म्हणाले.

"नींद तो वैसे भी इस उम्र में कम हो जाती है," सर म्हणाले. दोघे थोडं हसलेही, आणि मग सरांनी एक मोठा सुस्कारा सोडला. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "नाम लेंगे भाभीजी का?" बाबांनी काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. आई मात्र बाहेर आली आणि म्हणाली, "लेने दो। मैंने किया है।" रात्रीच्या जेवणाला ती म्हणाली की सभेला तीही येणार. बाबा नको म्हणाले. ती म्हणाली, "लोक हसणार असतील तर माझ्यासमोर हसू देत."

मला आता एकच भीती उरली होती, आणि ती सगळ्यांत मोठी होती. बाबा खरं बोलणार म्हणजे आईचं नाव घेणार. मग ते सगळे मोठे मोठे लोक मागे वळून आईकडे पाहणार, तिच्या मराठी वळणाच्या हिंदीकडे, तिच्या सांगलीच्या कुंकवाकडे, आणि गोमती नगरात, संस्थेत, शुक्ला आंटींच्या स्वयंपाकघरात आयुष्यभर ती "पूजा वाली" होऊन राहणार. बाबांना "चूहे वाले" म्हणतात तेव्हा त्यांचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलं होतं. आईचा तसा झालेला मला पाहवला नसता.

सभेच्या दिवशी धुकं इतकं होतं की रिक्षावाला घंटी वाजवत वाजवतच आला. सभागृह थंडगार, पंखे बंद, सगळे शालीत आणि कोटात. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. समोरच्या टेबलावर मखमली कापडावर ती वस्तू ठेवली होती, काचेच्या पेटीत. बाबांचं नाव पुकारलं. ते उभे राहिले, कागद दुमडून खिशात घातला आणि बोलायला लागले. सरळ, कुठेही न अडखळता त्यांनी सांगितलं की नमुना दूषित झाला आहे, हळद आणि तांदूळ आजचे आहेत, वस्तू ते नियमाविरुद्ध घरी घेऊन गेले होते आणि तिथे पूजेत ती ठेवली गेली. म्हणून तिच्या प्रयोजनाबद्दल त्यांना काहीही सांगता येत नाही. सभागृहात कुजबुज वाढत गेली. कुठेतरी "चूहे" हा शब्द मला स्पष्ट ऐकू आला. आईने माझा हात धरला होता.

दिल्लीहून आलेले एक वयस्क गृहस्थ उठले. त्यांचा स्वर चेष्टेचा नव्हता, पण त्यांना नीट माहिती हवी होती. "डॉक्टर साहब, यह दर्ज होना चाहिए। सैंपल पर हल्दी किसने लगाई?"

त्रिवेदी सरांनी मान खाली घातली. आई उठायला लागली, खुर्ची करकरली, मी तिचा पदर ओढला.

"मैंने," बाबा म्हणाले. "हमारे महाराष्ट्र में नवमी को औज़ार पूजे जाते हैं। मैंने अपने हाथ से पूजा की थी।"

आणि मग लोक हसले. सगळे नव्हे, पण पुरेसे. चुकून झालं असतं, घरच्या कुणी अजाणता केलं असतं, तर कीव केली असती, विसरलेही असते. पण सूक्ष्मदर्शकावर बसणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने नमुन्याला कुंकू लावायचं, हे त्यांना फारच झालं. बाबा ते हसू संपेपर्यंत उभे राहिले आणि मग आपल्या जागी जाऊन बसले. आई अर्धी उठलेली तशीच खाली बसली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

ती वस्तू आता एका वस्तुसंग्रहालयात आहे. मी मधून मधून तिथे जाते. खाली पाटी आहे: मातीची सच्छिद्र वस्तू, प्रयोजन अज्ञात. लोक काचेला नाक लावून आपापले तर्क करतात. परवा एक तरुण मुलगा मोबाइलवर तिचा फोटो काढत मैत्रिणीला सांगत होता की हा दिवा आहे. मी काही बोलले नाही. बाबांना वरचं पद कधीच मिळालं नाही, आणि नोंदीत त्यांचंच नाव आहे, पूजा करणारा म्हणून. आई-बाबा दोघेही आता नाहीत, त्रिवेदी सरही नाहीत, म्हणून खरं काय ते आज लिहिते आहे.

त्या दिवशी सभा संपल्यावर बाहेरच्या व्हरांड्यात चहा आणि समोसे होते. बाबा एका खांबाशी एकटेच कप हातात घेऊन उभे होते. त्यांच्याजवळ कुणी जात नव्हतं. मी आणि आई त्यांच्याकडे निघालो, तेवढ्यात संस्थेतला एक तरुण संशोधक आडवा आला. त्याच्यामागे त्याचे दोन मित्र, हसू दाबत. त्याने आईला वाकून नमस्कार केला, अगदी लखनवी.

"भाभीजी," तो म्हणाला, "माफ़ कीजिएगा, हम तो समझते थे साहब नास्तिक हैं। घर पर सचमुच पूजा करते हैं?"

मी आईकडे पाहिलं. ती आता खरं सांगणार, मला वाटलं. तिला दुसरं काही येतच नव्हतं. बाबांनीही ऐकलं होतं, त्यांनी मान वर केली.

आईने पदराने तोंड पुसलं, पदर खांद्यावरून नीट ओढून घेतला आणि त्या मुलाच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"हाँ, करते हैं," ती म्हणाली. "रोज़ करते हैं। पूजा किए बगैर पानी भी नहीं पीते।"

बाबांनी हातातला कप खाली ठेवला आणि आमच्याजवळ येऊन उभे राहिले.